बोटाने जाणारा बोल्ट

माझी ताई नेलपॉलिशच्या वर्षाला तीन बाटल्या संपवते आणि तिच्या नखांना आजवर त्यातला एक थेंब लागलेला नाही. सगळं बोल्टांना. बोल्ट आवळून झाला की ती त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक मरून रेघ ओढते. रेघ सलग असली तर बोल्टाला कुणी हात लावलेला नाही. तुटली तर लावला. आई म्हणायची, या पोरीचा सगळा नट्टापट्टा गाडीखालीच जाणार. आईला तर पहिलं वर्षभर पत्ताच नव्हता ताई नक्की काय करते. कुणी विचारलं की सांगायची, "बारमध्ये काम आहे तिला." लोक चमकून बघायचे.

तो बार म्हणजे स्वे बार. रेसच्या गाडीच्या पोटाखाली आडवी बसवलेली पोलादी सळई, एक पुढच्या दोन चाकांमध्ये, एक मागच्या. हा बार लावण्यात माझ्या बहिणीचा हात धरणारं आमच्या ट्रॅकवर कुणी नव्हतं. आणि याच बारावरून तिचं नाव नऊ वर्षं चिखलात लोळवलं गेलं. ज्याने लोळवलं त्याचं उट्टं आम्ही कसं काढलं ते सांगतो. मला शांतपणे सांगता येणार नाही, तशी अपेक्षाही करू नका.

आधी बार समजून घ्या, नाहीतर त्या माणसाचा हलकटपणा कळायचा नाही. गाडी वेगात वळली की तिचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं. बार ते कलणं अडवतो. पण फुकट अडवत नाही. आतल्या चाकावरचं वजन उचलून तो बाहेरच्या चाकावर टाकतो. बार जितका कडक, तितकं जास्त वजन. आता एका हमालाच्या डोक्यावर दोघांचं ओझं दिलं, तर तो चालेल, पण दोघांइतकं काम काही त्याच्याकडून होत नाही. टायरचं तसंच आहे. वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाची पकड कमी. पुढचा जास्त कडक केला तर गाडीचं नाक वळायचं सोडून सरळ पळतं. मागचा जास्त कडक केला तर नाक चटकन वळतं, पोरांना भारी वाटतं, आणि मग एखाद्या वळणावर शेपटी सुटते आणि गाडी उलटं तोंड करते.

कडक-सैल कसं करायचं, तर बाराच्या दोन्ही टोकांना तीन-तीन होल असतात. चाकाकडून येणारी दांडी त्यातल्या एका होलात बोल्टाने अडकवायची. सगळ्यात आतलं होल कडक, सगळ्यात बाहेरचं सैल, मधलं मधलं. बस, एवढंच. एका बोल्टाचा खेळ.

हे ताईला कुणी शिकवलं नाही. बाबांची लॉरी दुरुस्तीची शेड होती. ती नववीत असल्यापासून शाळेचे कपडे न बदलता लॉरीखाली झोपायची आणि आईच्या शिव्या खायची. एकविसाव्या वर्षी ट्रॅकवर गेली तेव्हा पिटमधले, म्हणजे जिथे गाड्या तयार करतात तिथले, सगळे तिला हसले. सहा महिन्यांत हसणं बंद झालं. गाडी फेरी मारून आली की ती टायरवर तळहात ठेवायची, बाहेरच्या कडेला, मध्ये, आतल्या कडेला, आणि ड्रायव्हरने हेल्मेट काढायच्या आत त्याला सांगायची की तू कुठल्या वळणावर घाबरलास. अशा माणसाला लोक मान देतात, पण तो त्यांना आवडत नाही.

तिचा एकच नियम होता, आणि तो ती देवाच्या वरचा मानायची. बाराचा बोल्ट बोटाने गेला पाहिजे. गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर, ड्रायव्हरच्या जागी त्याच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या. मग दांडीची लांबी अशी जुळवायची की बोल्ट नुसत्या बोटाने आत सरकावा. ज्याला हातोडी लागली, तो बार उभ्या गाडीतच पिळलेला असतो. मग ती गाडी एका बाजूला सुरेख वळते आणि दुसऱ्या बाजूला वैऱ्यासारखी.

आता तो माणूस. पिटमध्ये त्याला सगळे हिरो म्हणायचे. त्याने स्वतःच ते नाव पसरवलं होतं असा मला दाट संशय आहे. दिसायला बरा, बोलायला गोड, आणि त्याच्याकडे एक लाल मुठीची हातोडी होती. पहिला कप जिंकला त्या दिवशी ती कुणाकडून तरी बक्षीस मिळाली म्हणे. लकी हातोडी. रेसआधी तिला हात लावल्याशिवाय गाडीत बसायचा नाही. आम्ही हसायचो. ताई त्याच्याच गाडीवर होती आणि मी तिसऱ्या वळणावर झेंडेवाला होतो, टायरच्या भिंतीमागे पिवळा झेंडा घेऊन उभा.

नऊ वर्षांपूर्वी मोसमातली शेवटची रेस. सकाळच्या सरावात हिरो दुसरा आला. दुपारी ताईला म्हणाला, "नाक वळत नाहीये. मागचा बार कडक कर."

ताई म्हणाली, "नाही. तिसरं वळण लांब आहे, तिथे शेपटी सुटेल. तिथे भिंत वीस पावलांवर आहे."

"गाडी तू चालवतेस की मी?"

"चालव. पण मधल्या होलावर चालव."

मग तिला गाडीच्या मालकांनी कसल्या तरी सहीसाठी वर बोलावलं. दहा मिनिटं. रेसच्या सातव्या फेरीला तिसऱ्या वळणावर, ते डावीकडचं, त्याच्या गाडीची शेपटी सुटली आणि गाडी उलट्या तोंडाने येऊन टायरच्या भिंतीवर आदळली. भिंतीमागे मी होतो. उजवा पाय गुडघ्याखाली चेचला गेला. आजही पावसाळा कधी येणार हे मला वेधशाळेच्या आधी कळतं.

हिरोला खरचटलंही नाही. आणि त्याने काय सांगितलं ऐका. म्हणाला, "मी तिला मधलं होल ठेव म्हणून बजावलं होतं. तिनेच कडक केला." बोलणं जसंच्या तसं उलटं केलं. तपासणीवाले काका, म्हणजे रेसआधी गाड्या तपासून सही करणारे आमचे जुने अधिकारी, त्यांनी मोडलेल्या गाडीखाली डोकावलं. बार कडक होलावर होता. लिहून टाकलं. मालकांनी तर कहर केला. ती मोडकी गाडी ताईकडूनच सुटी करून घेतली आणि मग तिला काढलं.

सुटी करताना डाव्या बाजूचा बोल्ट बोटाने निघेना. तो ठोकून आत घातलेला होता. ताईने तो मालकांना दाखवला. "हा मी लावलेला नाही. मी ठोकत नाही." मालक म्हणाले, "आत्ता तूच ठोकून काढलास ना बाहेर? मग खुणा असणारच." ती म्हणाली की बाहेर काढताना ठोका टोकावर बसतो, या खुणा डोक्यावर आहेत. ऐकतंय कोण. पिटमध्ये तिला कायमची बंदी झाली. जमलेलं लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणाले, जी सख्ख्या भावाला लंगडा करते ती आमच्या घरात काय दिवे लावणार. ताईने तो बोल्ट खिशात टाकला आणि घरी आली.

मी दवाखान्यात होतो. ती रोज डबा घेऊन यायची. तिसऱ्या आठवड्यात मी तिला एकदा विचारलं, "ताई, नक्की मधल्याच होलावर होता ना?" ती म्हणाली, "हो." मी म्हणालो, "बरं." आणि डबा उघडला. एवढंच बोलणं झालं, पुन्हा तो विषय निघाला नाही.

तिने बस डेपोच्या मागे चाकं सरळ करून देण्याचं दुकान काढलं. टॅक्स्या, शाळेच्या व्हॅन, भाजीचे टेम्पो. जिच्या हातात रेसच्या गाड्या नाचायच्या, ती आता टेम्पोवाल्यांना सांगायची की दादा, हवा कमी आहे. कधी तक्रार केली नाही. तिच्या वाटची तक्रार मी करायचो. पाय गेल्यावर ट्रॅकने मला वरच्या मनोऱ्यात बसवलं, हातात माईक दिला. कोण पुढे, कोण मागे, कोण बाहेर, ते सांगायचं. नऊ वर्षं मी त्या माईकवर हिरोचं नाव पुकारलं. जीभ झडली नाही याचंच नवल. त्याने ट्रॅकवर ड्रायव्हिंग शाळा काढली होती. दर तुकडीला पहिल्या दिवशी मोडक्या गाडीचा फोटो दाखवून सांगायचा, "मेकॅनिकच्या एका चुकीने मी मरता मरता वाचलो." मी वरून ऐकायचो. माझ्या पायाचं अवाक्षर नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, माझ्याकडे तळपाय एकच धड होता, तरी आग पुरी जायची.

रात्री झोप लागेना की मी त्याच्या शंभर शिक्षा ठरवायचो. त्या सांगण्यासारख्या नाहीत.

यंदा एका मंगळवारी दुपारी मी ताईच्या दुकानात चहा पीत बसलो होतो. बाहेर गाडी थांबली आणि हिरो आत आला. केस रंगवलेले, पोट सुटलेलं, हसू तेच.

"कशी आहेस?" जणू काल भेटला होता. "झालं गेलं विसरून जाऊ आपण. गाडी उजवीकडे लोण्यासारखी वळते गं, डावीकडे अंगावर येते. तीन मेकॅनिक झाले. पंचेचाळीशीच्या वरच्यांची रेस आहे रविवारी, माझी शेवटची. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

मी उठलोच. "चालता हो," म्हणायला तोंड उघडलं होतं. ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी बसलो.

त्याने डिकी उघडली. आत हत्यारांची पेटी, उघडी. वर ती लाल मुठीची हातोडी. ताईने ती उचलली. तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला. एका कडेला टवका उडालेला होता. पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग हातोडी जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, "लावून देते. पण रविवारी मी पिटमध्ये असेन. आणि तपासणीवाले काका सकाळी बार माझ्यासमोर बघतील."

"एवढंच ना? तुझी बंदी उठवायला लावतो. ट्रॅकचा मॅनेजर माझ्या शब्दाबाहेर नाही." तो एवढा खूश झाला की मी चहाचा कप आपटून ठेवला.

तो गेल्यावर मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. लाज नाही का, कणा आहे का, माझ्या पायाकडे बघून तरी. ती टायरवर खडूने खुणा करत होती. म्हणाली, "झालं तुझं? तो पाना दे."

मी म्हणालो, "मग निदान कडक होलावर लाव. त्याचं त्याला भोगू दे."

तेव्हा मात्र ती चिडली. पाना खाली ठेवला. "माझ्या हातून गेलेली गाडी कधी चुकीची नव्हती. त्याच्यासाठी मी आता चुकीची करू? तेवढा मोठा नाही तो."

बुधवारी, गुरुवारी ती त्याच्या गाडीला लागली. डावा बोल्ट बोटाने निघालाच नाही, अर्थातच. यानेच कधीतरी घाईत एकेक बाजू जॅकवर उचलून ठोकला होता. वजन विचारलं तर हिरो म्हणाला, "बहात्तर." ताईने त्याच्या पोटाकडे बघितलं आणि सीटवर नव्वद किलो वाळू रचली. तो गेल्यावर म्हणाली, "तोंड खोटं बोललं, पोट नाही बोललं." मला हसू आलं. चार दिवसांत तेवढंच.

मागचा बार मधल्या होलावर. दोन्ही बोल्ट बोटाने आत. मरून रेघा. शुक्रवारी त्याने चालवून बघितली आणि लहान पोरासारखा हसत उतरला. "हात शाबूत आहे गं तुझा." मी मनात म्हटलं, तुझा गळा शाबूत आहे हे बघ आधी.

रविवारी सकाळी काकांनी वाकून बार बघितला, कागदावर "मधलं" असं लिहिलं. माझ्या अपघातानंतर तसा नियमच झाला होता. तपासणीनंतर बाराला हात लावायचा तर काकांना सांगून. नाही सांगितलं तर गाडी बाद. ताई सगळ्यांदेखत हिरोला म्हणाली, "मागचा मधल्या होलावर आहे, तिथेच राहू दे. कडक केलास तर तिसरं वळण तुला बाहेर फेकेल." हिरोने तिच्या खांद्यावर थोपटलं. "हो आजीबाई."

मग ती काठी टेकत आलेल्या माझ्याजवळ आली. "वर जाऊन बस. तिसऱ्या वळणाच्या झेंडेवाल्याला आज लांबच्या मचाणावर उभं करायला सांगितलंय मी काकांना." तिथे आता भिंत नाही, खडीचा मोठा पट्टा आहे. गाडी रुतते, माणूस मरत नाही. हे सगळं ठाऊक असून तिने झेंडेवाल्याला लांब पाठवला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. ती त्याला ओळखून होती. मुरलेल्या आजारासारखी ओळखून होती.

सरावात हिरो पुन्हा दुसरा आला. जेवणाची सुट्टी झाली. ताई मुद्दाम पिट सोडून कॅन्टीनला गेली. काकांच्या समोर, भर गर्दीत, चहाचा पेला घेऊन बसली. वीस मिनिटं हलली नाही. मी वर मनोऱ्यात दुर्बीण लावून बसलो होतो. हिरोच्या पिटचं शटर अर्धं खाली आलं. खालच्या फटीतून गाडीची मागची उजवी बाजू उचलली गेलेली दिसली, मग खाली आली. मग डावी उचलली गेली. आणि ठोके ऐकू आले. तीन.

माझ्या हातात माईक होता. एक वाक्य बोललो असतो तर रेस थांबली असती, काका धावले असते, तो बाद झाला असता. मी बोललो नाही. उगाच साधूपणाचा आव आणत नाही. मला तो सगळ्यांसमोर आपटलेला बघायचा होता. मी माईक मांडीवर ठेवला आणि डबा खाल्ला. नऊ वर्षांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं.

आणि तो तिला का घेऊन आला होता तेही मला तेव्हा कळलं. जिंकला तर स्वतः जिंकणार, पडला तर खापर फोडायला डोकं तयार होतं. एकदा फोडलेलं, सवयीचं.

रेस सुरू झाली. पहिल्या तीन फेऱ्या त्याचं नाक सुरेख वळत होतं, पुढच्या गाडीच्या मागे चिकटला होता. चौथ्या फेरीला तिसऱ्या वळणावर त्याने पाय थोडा उचलला आणि शेपटी सुटली. गाडी एकदा गोल फिरली, दोनदा फिरली, आणि खडीत अर्ध्या चाकापर्यंत रुतून बसली. तो दार ढकलून बाहेर आला, धडधाकट. हेल्मेट खडीत आपटलं.

नऊ वर्षं मी या क्षणासाठी वाक्यं घोकली होती. एकही आठवलं नाही. माईकवर एवढंच बोललो, "चार नंबर, तिसऱ्या वळणावर बाहेर. चालक ठीक आहे." मग बिनवायरचा माईक तसाच हातात धरून एकेक पायरी उतरलो. माईक बंद करायचा विसरलो नव्हतो. केला नाही.

रेस संपली, ओढगाडीने त्याची गाडी पिटमध्ये आणून टाकली. मी पोचलो तेव्हा हिरो काकांच्या अंगावर ओरडत होता. मी माईक पोटाशी धरून त्याच्यामागे उभा राहिलो. "पुन्हा तेच केलं तिने. तेव्हा पण तेच, आज पण तेच. मी मधलं ठेव म्हणालो होतो. सूड घेतलाय माझ्यावर, मारणार होती मला." प्रत्येक शब्द पूर्ण मैदानावर घुमत होता. वर स्टँडमध्ये त्याच्या शाळेची चाळीस पोरं बसली होती. त्याला रागाच्या भरात स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

काका म्हणाले, "सकाळी मी स्वतः बघितलंय. मधलंच होतं."

"नंतर बदललं असेल तिने."

"नंतर ती माझ्यासमोर बसली होती. सुट्टीभर."

काका गुडघ्यावर बसले, गाडीखाली गेले. आतून बोलले, आणि माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं, "दोन्ही बाजूंना कडक होल. रेघा तुटल्यात. डावा बोल्ट हलत नाही." त्यांनी तो ठोकून काढला आणि हातावर घेऊन बाहेर आले. डोक्यावर तीन खुणा होत्या. गोल, पण पूर्ण गोल नाहीत. प्रत्येकीची एक कड चावून खाल्ल्यासारखी तुटलेली.

ताईने हिरोच्या पेटीतून लाल मुठीची हातोडी काढली आणि काकांच्या दुसऱ्या हातात दिली, टवका उडालेली कड वर करून. मग खिशातून जुना बोल्ट काढून त्या नव्या बोल्टाशेजारी ठेवला. गंजू नये म्हणून नऊ वर्षं तेल लावलेला. त्याच्या डोक्यावर तीनच खुणा. त्याच तुटक्या गोलाच्या.

काकांनी हातोडीचं तोंड दोन्ही बोल्टांना लावून पाहिलं. जुन्या कागदावर सही त्यांचीच होती. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हिरोला म्हणाले, "गाडी बाद. आणि तो जुना कागद मी उद्या बदलतोय. तूही ये. त्या दिवशी काय केलंस ते तुझ्या हाताने लिहून दे."

हिरोने आजूबाजूला बघितलं. मग माझ्याकडे. मग माईककडे, त्याच्यावरच्या लाल दिव्याकडे. त्याच्या चेहऱ्याचा रंग मी आयुष्यभर विसरणार नाही. आजारी पडलो की तो चेहरा आठवतो, बरं वाटतं.

"बंद कर ते," तो म्हणाला.

मी म्हणालो, "माझ्या पायाला सॉरी म्हण, मग करतो."

म्हणाला. हळू म्हणाला, पण माईक चांगला होता.

संध्याकाळी आम्ही दुकानात आलो. मी हवेत होतो. त्याचं तोंड कसं झालं, पोरं कशी एकेक करून उठून गेली, सगळं पुन्हा पुन्हा सांगत होतो. म्हटलं, काय सूड उगवलास ताई, आणि कशालाही बोट न लावता. मॅनेजरने बंदी उठवल्याचं पत्र दिलं होतं, ते मी दोनदा मोठ्याने वाचलं. तिने हात धुतले, फडक्याला पुसले. काकांनी परत दिलेले दोन्ही बोल्ट खिशातून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवले.

"हे तुला," ती म्हणाली.

"मला कशाला? फ्रेम कर, भिंतीवर लाव. त्याच्यासाठी सांभाळलास ना इतकी वर्षं."

"त्याच्यासाठी मी कशाला सांभाळू? त्याने काय केलं ते त्याला ठाऊकच होतं." ती समोरच्या स्टुलावर बसली. "आता विचार."

"काय विचारू?"

"दवाखान्यात विचारलं होतंस ते."

मला वाटायचं ती विसरली असेल. नऊ वर्षं रोज तिच्या हातचं जेवलो, तिच्यासाठी भांडलो, तिच्या वैऱ्याला शिव्या घातल्या. आणि त्या सगळ्यात आतल्या आत, पाय ठणकायचा त्या रात्री, एक प्रश्न मला पडायचाच. तो तिला ऐकू जात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"ताई, जाऊ दे ना."

"विचार."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दुपारी हिरोसमोर हातोडी धरली होती तेव्हा होती तशीच ती बसली होती, वाट बघत. मी टेबलावरच्या बोल्टांकडे बघत विचारलं, "ताई, नक्की मधल्याच होलावर होता ना?"

"हो," ती म्हणाली.

आणि ती माझ्या उत्तरासाठी थांबून राहिली. मला पुन्हा नुसतं "बरं" म्हणता येईना.